घरात कोण कोण झोपतं

"मी इथं राहतच नाही म्हणालात तुम्ही, मावशी!"

"हळू बोल. भिंतीपलीकडे शर्मा आहेत."

"टीबीच्या दवाखान्यातल्या बाई होत्या त्या. पत्ता जुळला तरच माझ्या गोळ्या सुरू होणार."

"हातात फॉर्म, आणि पहिला प्रश्न काय, तर घरात कोण कोण झोपतं! क्वार्टर तपासायला येतात ते तरी दुसरं काय विचारतात? तोंडातून निघून गेलं, मैं अकेली रहती हूँ."

"आणि मी बाथरूममध्ये ओढणी तोंडात कोंबून उभी. खोकला आला असता तर तुम्ही खोट्या पडला असता."

'अकेली रहती हूँ' हे वाक्य द्वारकाबाईंच्या जिभेवर बसलेलंच होतं. पासष्ट साली बार्शीहून कारकून म्हणून त्या दिल्लीला आल्या, तेव्हापासून ते खरंच होतं. लग्न राहून गेलं. भावाची मुलं मोठी झाली नि पत्रं थांबली. ऑफिसातल्या मैत्रिणी एकेक करून नोएडाला, गुडगावला फ्लॅट घेऊन गेल्या. "दिल्लीत माझ्या नावाचं, द्वारका म्हणून, आख्खं उपनगर उभं राहिलं, पण त्यात मला एक खोली नाही," असं त्या हसून सांगत. आर. के. पुरमचं हे सरकारी क्वार्टर तेवढं होतं, तेही निवृत्तीपर्यंत, म्हणजे अजून दीड वर्ष. बाहेरचं माणूस ठेवलेलं सापडलं, तर त्याआधीच जायचं.

विनया परभणीची, मोठ्या परीक्षेच्या तयारीला आलेली. मुनिरकात बिनखिडकीच्या खोलीत पाच जणी, जेवणाच्या एका डब्यात दोघी. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला तिची हाडं बघून द्वारकाबाईंनी तिला घरीच आणली. भाडं नको म्हणाल्या, जेवताना कुणी मराठीत बोललं तरी पुरे. हीटर एकच, म्हणून थंडीत दोघी एकाच खोलीत. खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राच्या पट्ट्या. पोरगी खोकायला लागली तशी त्यांनी तिची ताट-वाटी वेगळी केली. खिडकी मात्र बंदच राहिली.

"आणखी काय विचारलं बाईंनी तुम्हाला?"

"विडी-सिगरेट ओढता का. शुगर आहे का. आहे म्हटलं, दहा वर्षं झाली."

"मग! शुगरवाल्यांना हा रोग लवकर धरतो, मावशी. तीन महिने माझ्या शेजारी झोपताय. एकट्या राहणाऱ्या बाईला कोण कशाला तपासेल?"

"माझा खोकला थंडीचा आहे."

"माझाही थंडीचाच होता."

विनयानं पलंगाखालून बॅग ओढली. "जाते मी मुनिरकाला. तिथला पत्ता देते."

"वा! म्हणजे त्या चौघींनाही दे हा प्रसाद."

"मग दुसरा कुठला पत्ता आहे मला? सांगा ना!"

बॅगेची चेन अडली. विनया ती ओढत बसली, ओढता ओढता खोकली, आणि या वेळी तिनं तोंडावर काही धरलं नाही. आवाज शर्मांपर्यंत गेला असणार. ही गेली की संध्याकाळी एकच ताट, हे द्वारकाबाईंना दिसलं. क्वार्टर गेलं तर ताट मांडायलाही जागा नाही, हेही दिसलं.

त्यांनी खुंटीवरची शाल ओढली, चपला सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"बाई बसस्टॉपवरच असतील. बस अजून आली नसेल."

विनयाच्या हातातली बॅग सुटली. "मावशी, थांबा! खरं सांगितलंत आणि हे घर गेलं तर? तुम्ही कुठं जाल?"

दार उघडं टाकून द्वारकाबाई जिना उतरू लागल्या.