जुने स्की बूट आणि आमचे पाच जोड पाय

माणूस घाबरलेला असतो तेव्हा काही बोलत नाही. सगळं नंतर सांगतो. तेही थोडं थोडं, वर्षानुवर्षं, आणि दर वेळी "हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं" अशी सुरुवात करून. त्यामुळे ग्लासगोतल्या त्या एका हिवाळ्याचे आमचे किस्से संपत नाहीत, उलट वाढतच चाललेत!

आम्ही पाच जण. शिरीष आणि मी एका बँकेच्या आयटीत, दोघंही पुण्याहून वर्क व्हिसावर आलेलो. प्राजक्ता ही शिरीषची बायको. समीर भूल देणारा डॉक्टर, मूळचा नागपूरचा. आणि भालेराव काका. ते सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. वयाने आमच्या वडिलांएवढे, पण कुठलाही बेत निघाला की पहिला हात त्यांचा वर.

ऑफिसातले लोक वीकेंडला डोंगरात स्कीइंगला जायचे, म्हणून आम्हालाही हुक्की आली. स्की, म्हणजे बुटाखाली अडकवायच्या लांब पट्ट्या, भाड्याने मिळतात, बूटही मिळतात. पण प्राजक्ताने साफ सांगितलं, "शंभर माणसांच्या घामाचे बूट मी घालणार नाही."

नवे बूट परवडणारे नव्हते. म्हणून एकाच माणसाच्या घामाचे, म्हणजे सेकंडहँड घ्यायचे ठरले!

*

शिरीषला चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, जांभळ्या-गुलाबी रंगाचे बूट मिळाले. किती जुने असतील देव जाणे. स्की बूट म्हणजे वरून टणक प्लास्टिकचं कवच आणि आत मऊ अस्तर. सवय व्हावी म्हणून तो घरातच ते घालून चालायला लागला. जुनी इमारत, लाकडी फ्लोअर. धाड, धाड, धाड! मधूनच "आई गं!" अशी किंकाळी.

थोड्या वेळाने बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई. हातात फोन, चेहरा पांढराफटक.

"इज समबडी बीइंग हर्ट अप हिअर?"

शिरीष दारात हाफ पँट आणि स्की बूट घालून उभा. वेदनेने तोंड वाकडं झालेलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "येस. बट आय पेड फॉर इट!"

आजीबाई भिंतीला धरून मागे मागे सरकत जिना उतरल्या. त्यानंतर प्राजक्ता एकटी जिन्यात भेटली, की त्या तिचा हात धरून हळूच विचारायच्या, "आर यू ऑल राइट, डिअर?"

*

प्राजक्ताचे बूट ऑनलाइन लिलावातले. साइज बरोबर होती, पण घोट्यापाशी इतके घट्ट, की पाय आत गेला तो गेलाच. रविवारची सकाळ होती. मी सहज त्यांच्याकडे गेले होते. शिरीष बूट ओढतोय, मी प्राजक्ताला मागून धरलंय, आणि तिने एकदम शिरीषचा हात धरून त्याला थांबवलं.

"मला बोटं कळत नाहीयेत," ती म्हणाली.

मी समीरला फोन लावला. "अरे, तिचा पाय मेलाय बहुतेक! कापायला लागणार का?"

"पाय कशाला कापताय?" समीर ओरडला. "बूट कापा! करवत असेल घरात!"

फोन स्पीकरवर होता. इतका वेळ रडवेली झालेली प्राजक्ता ताठ बसली. "बुटाला कोणी हात लावायचा नाही! बूट विकत घेतलाय. पाय घरचाच आहे!"

शेवटी समीरनेच सुचवलं की प्लास्टिक थंडीत आखडतं, ऊब द्या. शिरीषने हेअर ड्रायर लावला आणि थोड्या वेळाने पाय सुटला. पांढरा, सुरकुतलेला, पण जिवंत. बोटांत रक्त परत यायला लागलं तशी ती जी किंचाळली! दोन मिनिटांत खालून आजीबाईंचा आवाज, "आय ॲम कॉलिंग द पोलीस!"

*

हे सगळं बघून मी ठरवलं, आपण मोठे बूट घ्यायचे. आरामात. वर दोन जाड लोकरीचे मोजे. घरात घालून बघितले, तर गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. मला वाटलं, जिंकले!

सरावासाठी गावाबाहेर बर्फाऐवजी प्लास्टिकच्या ब्रशांचा कृत्रिम उतार होता, तिथे गेलो. खाली उभी राहून बघितलं तेव्हा तो उतार किरकोळ वाटला होता. वर गेल्यावर विहिरीत डोकावल्यासारखं वाटायला लागलं. आमची इन्स्ट्रक्टर एक दणकट स्कॉटिश बाई. ती म्हणाली, "मी टर्न म्हटलं की पाय डावीकडे वळवायचे."

मी सुटले. वेग वाढला. समोर जाळीचं कुंपण, कुंपणापाशी चहा पीत बसलेले पालक.

"टर्न!" ती ओरडली.

मी जीव खाऊन पाय वळवले. वळले की! आतल्या आत वळले. बूट सरळच निघाले होते.

"टर्न! टर्न!"

"आय हॅव टर्न्ड!" मी किंचाळले. "द बूट्स हॅवन्ट!"

पालकांनी कप टाकले आणि पळाले. मी जाळीत अडकले, म्हणून वाचले. त्यानंतर कितीतरी दिवस डोळे मिटले की ते कुंपण अंगावर यायचं. मग इंटरनेटवर वाचलं: आतलं अस्तर काढायचं, बोटं पुढे टेकवून रिकाम्या कवचात उभं राहायचं, टाचेमागे जेमतेम दोन बोटं मावली पाहिजेत. माझ्या टाचेमागे काकांची अख्खी मूठ गेली!

मग ते बूट विकून लहान साइजचे घेतले, एकच पातळ मोजा घातला, तळव्याखाली एक स्वस्तातलं इनसोल. झालं. इतकं सोपं होतं.

*

फेब्रुवारीत पाचही जण खरोखरच्या डोंगरावर गेलो. धुकं असं, की स्वतःच्या स्कीची टोकं दिसेनात. शिरीष आणि मी चेअरलिफ्टच्या बाकावर बसलो. हा बाक दोराला लटकत माणसांना वर नेतो. खाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं, म्हणून आणखीच भीती. वारा सुटला आणि लिफ्ट मध्येच थांबली. बाक झोके घ्यायला लागला.

आणि 'कट्' असा आवाज आला.

"काय झालं?" मी विचारलं.

शिरीष खाली बघत होता. जुनं प्लास्टिक थंडीत तडकलं होतं. जांभळ्या बुटाला टाचेपासून चीर गेली होती आणि त्याला अडकवलेली जड स्की वाऱ्यात हेलकावत होती. प्रत्येक हेलकाव्याला चीर वाढत होती.

"खाली कोणी असलं तर?" तो पुटपुटला. स्कीच्या कडा सुरीसारख्या असतात. हात पोचत नव्हता. वाकलो तर बाक कलायचा. मी त्याचं जॅकेट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं आणि रामरक्षा सुरू केली. ती पहिल्या ओळीच्या पुढे आठवेना.

शिरीष घशाच्या शिरा ताणून ओरडला. इंग्लिश साफ पळालं होतं. "खाली कोण आहे? बाजूला व्हा!"

बराच वेळ नुसता वारा. मग धुक्यातून, बरोब्बर आमच्या खालून, आवाज आला.

"शिऱ्या, मी आहे! पडलोय! हलता येत नाहीये!"

समीर!

तेवढ्यात कडकन आवाज झाला. अर्धा बूट आणि स्की धुक्यात नाहीशी झाली. शिरीष नुसत्या अस्तरातला पाय लटकवत बसलेला. आम्ही कान देऊन ऐकतोय. काही नाही. "समीर!" मी हाक मारली. काही नाही. शिरीष रडायला लागला होता, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

मग खालून, अगदी शांतपणे:

"स्की मिळाली रे. पार्टनर कुठंय तिचा?"

*

काकांचे पाय आज शाबूत आहेत, म्हणूनच हा किस्सा सांगते. जखम भरायला मात्र उन्हाळा उजाडला.

त्याच दिवशीची गोष्ट. आमच्यात बुटांबद्दल एकदाही तक्रार न केलेले एकटे भालेराव काकाच. एका दुकानात भाड्याच्या जुन्या बुटांचा सेल होता, तिथून त्यांनी पहिला हाताला लागलेला जोड उचलला होता. "एकदम फर्स्ट क्लास! काही टोचत नाही, काही चावत नाही," म्हणायचे. आम्ही दर तासाला बक्कल सैल करत होतो. हे दिवसभर लहान मुलांच्या उतारावर मजेत खालीवर. आम्हाला हेवा वाटत होता. त्यांना शुगर होती हे माहीत होतं. पण ते गोड चहा पिताना "थोडीशीच आहे रे" म्हणायचे, आणि आम्हीही ती थोडीशीच धरून चाललो होतो.

संध्याकाळी कार पार्कमध्ये सगळे गाडीच्या कडेला बसून बूट काढत होतो. काकांनी उजवा बूट काढून झटकला. आतून काहीतरी टणकन जमिनीवर पडलं.

एक छोटी पितळी किल्ली. कुठल्यातरी लॉकरची, कोणाची कोण जाणे. बूट घेतले तेव्हापासून आतच असणार.

"अरे वा, फ्री गिफ्ट!" काका हसले.

आम्ही कोणी हसलो नाही. त्यांच्या पांढऱ्या मोज्याचा तळवा लालभडक झाला होता.

समीर बर्फाच्या चिखलात गुडघ्यांवर बसला. मोजा हळूच सोलला. प्राजक्ताने तोंड फिरवलं. समीरच्या चेहऱ्यावरचा रंग गेलेला मला दिसला, पण आवाज अगदी साधा ठेवून तो म्हणाला, "काका, जरा डोळे मिटा बरं. आता मी एकेका बोटाला हात लावतो. कुठलं बोट, ते तुम्ही सांगायचं."

काकांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. समीरने अंगठा दाबला. मग शेजारचं बोट. मग त्याच्या शेजारचं. करंगळीपर्यंत जाऊन तो परत अंगठ्यावर आला, आणि या वेळी नखाने दाबला.

काका डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते.

"अरे, कर ना सुरुवात!" ते म्हणाले.