मुक्ताच्या खात्याचं माहेर

घरात जुने चार्जर कसे साठतात बघा. कुणी मुद्दाम आणत नाही, कुणाला टाकवतही नाही, आणि एक दिवस खण उघडला की सगळे एकमेकांत गुंतून बाहेर येतात. किश्शांचं तसंच आहे. माझी नात मुक्ता कॉम्प्युटरवर खेळते आणि मी तिचा राखणदार आहे, एवढ्या दोन गोष्टींतून आमच्याकडे खणभर किस्से झालेत. आता एकेक ओढून सोडवतो. मी सावकाश माणूस आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी कस्तुरबा गांधी मार्गावर एका गेस्ट हाउसात स्वयंपाकी होतो. शाळेत गेलो नाही. अक्षरं शिकलो ती दिल्लीच्या बसच्या पाट्यांवरून. आता मुलाकडे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मुलगा प्रमोद मंत्रालयात अधिकारी आहे, सून वर्षा बँकेत. मुक्ता त्यांची एकुलती एक. परवाच कॉलेज संपलं तिचं.

तर पहिला चार्जर.

* * *

एका सकाळी मुक्ता खोलीतून किंचाळत बाहेर आली. "आजोबा! माझं लॉगिन झालंय! इंदूरला!"

माझं गाव साताऱ्याकडचं. आमच्याकडे लग्नाला लगीन म्हणतात. मी गॅस बंद केला. म्हटलं, "कधी?"

"रात्री! मी झोपले होते!"

"अगं, पण कुणाशी?"

"तेच तर माहीत नाही ना, यार!"

आता सांगा, अशा वेळी म्हाताऱ्या माणसानं काय करावं? मी चप्पल घातली आणि थेट बागेत गेलो. तिथल्या बाकावर माझे दोस्त इनामदार बसतात. मिरजेचे, टपाल खात्यातून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं, "इनामदार, मुक्ताचं लगीन झालं हो. झोपेत."

इनामदारांनी हातातली तसबीह, त्यांची जपमाळ, खिशात ठेवली. म्हणाले, "अण्णा, मुलगा काय करतो?"

"ते तिलाही माहीत नाही."

"इंदूरचा आहे ना? मग खाण्यापिण्याचे हाल व्हायचे नाहीत."

बाकावरची बातमी पसरली आणि संध्याकाळी शेजारच्या बाई पेढे घेऊन दारात! तेव्हा कुठे उलगडा झाला की लगीन नव्हे, लॉगिन. इंदुरात बसून कुणीतरी मुक्ताचं गेमचं खातं पळवलं होतं. पेढे मात्र त्यांनी परत नेले नाहीत.

* * *

हसण्यावारी नेलं, पण पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं होतं. शाळेपासून ती त्या एका खात्यावर खेळत आलेली. जिंकलेलं सगळं त्यात, तिचं नाव त्यात. नोएडात खेळाडूंची एक टीम आहे, रीतसर पगार देऊन खेळवणारी. त्यांनी मुक्ताला सरावाला बोलावलं ते तिचं हे खातं बघूनच. सरावाच्या शेवटी एक निवडीचा सामना. त्यात घेतलं तर ती टीममधली. खातंच गेलं तर कोण घेणार?

आणि घरात वडील. प्रमोदला वाटायचं, पोरीनं सरकारी परीक्षा द्यावी.

आमच्या प्रमोदची एक तऱ्हा सांगतो. तो नाही असं कधी म्हणत नाही. पण पूर्ण हो सुद्धा म्हणत नाही. ऑफिसात फायलींवर तात्पुरती मंजुरी देऊन देऊन घरातही तेच. "बाबा, ट्रिपला जाऊ?" "या वेळी जा." "बाबा, केस कापू?" "या वेळी काप." म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा अर्ज!

लग्न झाल्यावर वर्षानं विचारलं होतं, मी नोकरी चालू ठेवू ना? हा म्हणाला, "सध्या ठेव." ते 'सध्या' अजून चालू आहे. मागच्या महिन्यात तिला बढती मिळाली!

गेमचंही तसंच. "हा सामना होईपर्यंत खेळ. फक्त या वेळी. मग क्लास लावायचा."

मुक्ता म्हणते, "आजोबा, माझा जन्म झाला तेव्हा बाबा डॉक्टरांना काय म्हणाले असतील? या वेळी आणलीत, ठीक आहे!"

* * *

खातं परत मिळालं. गेमवाल्यांनी मुक्ताला बरंच काही विचारलं, पहिल्यांदा कुठून खेळलीस, कुठल्या कॉम्प्युटरवर. तिनं सगळं बरोबर सांगितलं. मग तिनं खात्याला कुलूप घातलं. त्याला म्हणतात ट्रस्टेड लोकेशन. मला समजावायला बसली.

"म्हणजे बघा आजोबा, आपलं घर मी ट्रस्टेड केलं. इथून लॉगिन केलं की ते काही विचारणार नाही. दुसरीकडून केलं की आधी परमिशन मागणार."

मी म्हटलं, "म्हणजे माहेर."

"माहेर म्हणजे? मायका ना?"

"मायकाच. जिथं दार वाजवलं तर आतून 'कोण आहे' असं विचारत नाहीत, ते माहेर. बाकी सगळीकडे विचारतात."

तिला ते इतकं आवडलं की टीमच्या पोरांनाही तिनं तोच शब्द शिकवला. नोएडात आता एक सरदार मुलगा आहे, तो म्हणतो, "भाई, मैंने अपना माहेर सेट कर लिया!"

आता परमिशन मागायची कुणाकडे? त्याला घरचा एक फोन जोडावा लागतो. मुक्तानं माझा जोडला. बाहेरून कुणी दार वाजवलं की माझा फोन मराठीत विचारणार, या जागेवर विश्वास आहे का? खाली तीन बटणं. लाल म्हणजे 'नाही'. निळं म्हणजे 'फक्त या वेळी'. हिरवं म्हणजे 'कायम'. कायम दाबलं की ती जागा माहेर झाली. पुन्हा विचारणं नाही.

प्रमोद पेपर वाचत होता. म्हणाला, "अण्णांचा फोन? अगं, लिफ्टचं बटण दाबायला त्यांना दोन माणसं वर जाऊन खाली येईपर्यंत वेळ लागतो."

मुक्ता म्हणाली, "म्हणूनच तर. तुम्ही सगळे न वाचता ओके दाबता. आजोबा एकेक अक्षर वाचतात."

माझ्या सावकाशपणाचं इतक्या वर्षांत कुणी कौतुक केलं असेल तर ते त्या दिवशी.

* * *

पहिल्याच आठवड्यात फोन वाजला. वाचलं. मुक्ता, गुरुग्राम.

मी पुढच्या खोलीत डोकावलो. मुक्ता पलंगावर मांडी घालून बसलेली. मी लाल दाबलं.

"आजोबाऽऽ! काय केलंत? मीच होते! घरचं वायफाय गेलं म्हणून मोबाइलच्या नेटवर घेतलं. त्यात कधी कधी जागा चुकीची दिसते!"

मी म्हटलं, "बाळा, फोन म्हणतो मुक्ता गुरुग्रामला आहे. तू तर माझ्यासमोर लक्ष्मीबाई नगरात बसलीस. मग गुरुग्रामला आहे ती तू कशी?"

तिनं हेडफोन गळ्यात ओढले.

"लॉजिक तो सही है," ती म्हणाली, आणि सामना हरल्याचं टीमला कळवायला गेली.

* * *

एकदा दुपारी अनोळखी माणसाचा फोन. आवाज मोठा गोड. "नमस्ते अंकल, मैं गेम की कंपनी से बोल रहा हूँ. आपकी पोती का अकाउंट ख़तरे में है. अभी फ़ोन पर कुछ आएगा, हरा बटन दबा दीजिए."

मी म्हटलं, "बेटा, चश्मा ढूँढ लूँ."

चष्मा कपाळावरच होता. पण शोधायचा म्हटल्यावर शोधावा लागतो. मग मी त्याला म्हटलं, पढ़कर सुनाता हूँ. आणि पहिल्या अक्षरापासून सुरू केलं. मधेच विचारलं, "बेटा, खाना खाया?" म्हणाला, नहीं अंकल. "क्यों नहीं खाया? घर में कौन पकाता है?" बाहेरच खातो म्हणाला. मग त्याला कुकरशिवाय डाळ कशी शिजवायची ते सांगितलं. हिंग कधी घालायचा तेही. तो मधून मधून "अंकल, बटन..." म्हणायचा. मी म्हणायचो, "हाँ, हाँ, आ रहा हूँ."

शेवटी तो सुस्कारा टाकून म्हणाला, "अंकल, रहने दीजिए. और एक बात बोलूँ? ऐसे किसी के भी कहने पर कोई बटन मत दबाइएगा. ज़माना ख़राब है."

लाल दाबून मी इनामदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चोर होता, पण पोरगा चांगल्या घरचा वाटतो. डाळ केली का विचारायला हवं."

* * *

मग मुक्ता सरावाला रोज नोएडाला जाऊ लागली. मेट्रोनं जायची. पोहोचली की माझा फोन वाजायचा. मुक्ता, नोएडा. मी वाचायचो आणि निळं दाबायचो. फक्त या वेळी.

मला ते फार आवडायला लागलं होतं बरं का! पोर सुखरूप पोहोचली हे कळायचं. बाकावर बसलेलो असलो आणि फोन वाजला की इनामदारच म्हणायचे, "पोहोचली?"

पण मुक्ता कंटाळली. "आजोबा, नोएडाला कायम करून टाका ना. रोज रोज काय? आणि आता नवा नियम आलाय, दोन मिनिटांत तुमचं उत्तर आलं नाही तर खातं दिवसभरासाठी बंद होतं. निवडीच्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेलेले असलात तर?"

"त्या दिवशी अंघोळ करणार नाही."

"आजोबा, सीरियसली! हिरवं बटण तर आहे!"

मी म्हटलं, "बाळा, राखण माझ्याकडे आहे. पण लेकीला नवं घर जोडून द्यायचं ते बापानं. मी कोण?"

ती मग म्हणाली, "बाबा? कायम? मग विसराच."

बाकावर मी इनामदारांना विचारलं, मी चुकतोय का? ते म्हणाले, "अण्णा, चुलीवरचं भांडं तुम्ही जास्त ओळखता. पण करपायला लागलं तर उतरवा."

* * *

निवडीचा दिवस रविवारचा. मुक्ता सकाळीच निघाली. निघताना मला म्हणाली, "फोन जवळ ठेवा." वडिलांना म्हणाली, "बाबा, येते." प्रमोदनं पेपरामागून मान हलवली. वर्षा बहिणीकडे गेलेली.

मी थालीपिठाची भाजणी मळायला घेतली. फोन टेबलावर, प्रमोदसमोर ठेवला. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, आणि फोन वाजला.

"प्रमोद, बघ रे."

"तुमचा आहे, अण्णा."

"हात पिठात आहेत."

"धुऊन घ्या."

नळ शेजारीच होता. पण मी मुळातच सावकाश माणूस. मी म्हटलं, "दोनच मिनिटं असतात त्याला."

त्यानं पेपर खाली ठेवला. फोन उचलला. "मुक्ता. नोएडा. या जागेवर विश्वास आहे का?" इतकं वाचलं आणि थांबला.

"कोणतं दाबू?"

"वाच आणि दाब. मी नेहमी वाचतो."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मनातल्या मनात, ओठ हलवत. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मी मळत राहिलो. पीठ केव्हाच मळून झालं होतं. घड्याळाकडे बघायची माझी हिंमत होईना. हा पोरगा माझ्यावर गेलाय हे मला त्या दिवशी कळलं!

मग टिक् असा बारीक आवाज आला. त्यानं फोन पालथा ठेवला.

मी पहिला गोळा थापायला घेतला. तोच म्हणाला, "अण्णा, भाजणीत तीळ घातलेत का? मुक्ताला तीळ लागतात."

संध्याकाळी मुक्ताचा फोन. घेतली म्हणे तिला टीममध्ये! तिच्या मागे पोरांचा इतका गोंगाट की पुढचं काही ऐकू आलं नाही. घरी आली तेव्हा प्रमोदनं तिच्या पानात थालीपीठ वाढलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता जायचंय?" तिला वाटलं, क्लासबद्दल बोलतोय. ती म्हणाली, "उद्या टीमकडे, बाबा. क्लासचं नंतर बघू, प्लीज." तो म्हणाला, "मी टीमचंच विचारतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाकावर. इनामदार शेजारी. फोन माझ्या हातात. मुक्ता पोहोचायची वेळ झाली, टळून गेली. फोन वाजेना. इनामदारांनी दोनदा विचारलं, "पोहोचली?" मी मान हलवली. शेवटी मीच फोन लावला.

"मुक्ता, पोहोचली नाहीस का गं?"

"कधीच! खेळतेय ना."

"मग या फोननं मला विचारलं कसं नाही?"

"हां? एक मिनिट..." खटखट ऐकू आलं. मग ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली. "आजोबा, गडबड झालीय. काल तुमच्याकडून चुकून कायम दाबलं गेलं. बाबांना सांगू नका हां! मी आत्ता काढून टाकते."

"नको काढूस."

"अहो, पण त्यांना कळलं तर? तुम्हाला बोलतील, की तुम्ही का दाबलंत."

मी म्हटलं, "बाळा, माझे हात पिठात होते."