टेपखालची बांगडी

अन्याय झाला तो आमच्या कारखान्यातल्या वायरिंग लाइनवर नव्यानेच लागलेल्या एका नवरीवर. गेल्या वर्षी, जूनच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. सुपरवायझर अख्ख्या लाइनसमोर ओरडला, "हे काय लग्नघर आहे का? चुडा उतरवून ये!"

मी तिच्यापासून तीन जागा सोडून उभा होतो. चाकणच्या गेटवर वाटायची पत्रकं मीच लिहितो, त्यामुळे संताप मला झटकन सुचतो. म्हटलं, कामगारांच्या मासिकाच्या अंकासाठी गोष्ट मिळाली! दोन रविवार पुनावळ्याच्या खोलीत बसून लिहिली. त्यात नवरी हुंदके देत होती आणि सुपरवायझर दात विचकत होता. पत्रकात दोनच माणसं असतात, एक भरडला जाणारा आणि एक भरडणारा. गोष्टीतही मी तेवढीच घातली.

छापायच्या आधी कँटीनमध्ये तिला वाचून दाखवली. ती मराठवाड्यातली. घास हातातच राहिला तिच्या.

"रडले? मी? दादा, हात किती खाजत होते माझे! घरी काढायची सोय न्हवती. कंपनीनं सांगितलं म्हटल्यावर सुटले की मी."

"मग राग नाही आला?"

"आला ना! चारचौघांत ओरडला मेला. म्हणून एकेका हातात एक बांगडी ठेवलीच. बाहीखाली."

"त्याला दिसली नाही?"

"दिसली की. टेपचा रोल आणून आदळला पुढ्यात. म्हणला, वरून गुंडाळ, वायरचा कनेक्टर ओरखडला तर बघ."

शेजारच्या मावशी फिसकन हसल्या. "लिहा आता, भाऊ! तुमचा राक्षस टेप वाटत फिरतोय."

ती मात्र हसली नाही. "अंक घरी येतो, दादा. चुड्याची गोष्ट म्हटल्यावर मला ओळखणारच. मी रडले असं छापलं, तर सासूबाई म्हणतील, नको ती कंपनी. मला काम करायचंय."

जिच्या बाजूने लिहिलं, तिचंच काम मी घालवायला निघालो होतो.

गोष्ट फाडली, पुन्हा लिहिली. या वेळी नवरी सुटली म्हणून खूश होती आणि अपमानाने पेटलेलीही. सुपरवायझर ओरडला, आणि टेपही त्यानेच दिली. त्याचं ओरडणं मी पुसलं नाही. चारचौघांत बाईचा पाणउतारा करणं चूकच, हे वाक्य मी कुणासाठी मागे घेणार नाही. पण ही माणसं आता माझ्या सांगण्यावरून हलत नव्हती, आपापली चालत होती. लिहिताना इतकी मजा मला कधीच आली नव्हती.

अंक निघाल्यावर ती सांगत आली, "वाचला सासूबाईंनी. म्हणल्या, खाजत होतं तर मला सांगायचं की गं!" आणि खांद्यावरची पर्स जागेवर ठेवून कामाला लागली.

तुम्हीही लिहीत असाल तर ऐका. ज्या माणसाला तुम्ही बिचारं ठरवलंय, त्याच्याकडे उद्याच जा. लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. तो "असं नव्हतं" म्हणाला, की वाद घालू नका. खोडा.