गोवऱ्यांची कार्यशाळा

आमच्या बियाणे कंपनीच्या अकोला शाखेतला उत्साह नेमका कधी मेला हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी त्या मयताला हजर होतो. नव्या साहेबांनी आमचे रोडगे बंद केले, त्या दिवशी.

दर हिवाळ्यात एका रविवारी कंपनीच्या प्रात्यक्षिक शेतावर आम्ही रोडगे करायचो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी हाणायचे. हा सगळा कारभार आमच्या सर्वांत जुन्या विक्री अधिकाऱ्यांकडे असे. त्यांना सगळे भाऊ म्हणत. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक भाऊंच्या हुकमावरून एकाच परातीत कणीक तिंबायचे, आणि त्या जोरावर पुढचा अख्खा खरीप हंगाम निघायचा. साहेबांच्या मते हे कंपनीच्या प्रतिमेला शोभत नव्हतं. भाऊ वाद घालत बसले नाहीत. काही महिने मुकाट काम केलं आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला.

मी हादरलो, कारण या माणसाशिवाय त्या इमारतीत मला जीव लावण्यासारखं काही नव्हतं. साहेबही हादरले, पण अमरावतीच्या मुख्य कार्यालयानं माणसं का जाताहेत असं विचारलं म्हणून. भाऊंना थांबवा, असा वरून निरोप आला. थांबवायचं म्हणजे त्यांच्याशी बोलायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुण्याहून एक प्रशिक्षक बाई बोलावल्या गेल्या.

मोर्शी रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत आमचा उत्साह पेटवायचं ठरलं. सकाळी आम्ही फुगे फुगवले, मग ते फोडले. डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर पडलो. उत्साह आपल्या आतच असतो, असं बाईंनी सांगितलं. मग तो पुण्याहून मागवायचा खर्च कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

शेवटचा प्रयोग असा, की कामातल्या तक्रारी चिठ्ठीवर लिहून जाळून टाकायच्या. जाळाची सोय भाऊंकडे होती. बाईंच्या मनात घमेल्याएवढी शेकोटी असावी. भाऊंनी बागवाल्याकडून गाडीभर गोवऱ्या घेऊन रीतसर रचल्या. शाखेची माणसं आणि जाळ म्हटल्यावर त्यांच्या हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. चिठ्ठ्या भुर्रकन जळाल्या. माझी जरा लांबलचक होती, तिला थोडा वेळ लागला. बाई डोळे पुसत होत्या. त्या भारावल्या असं आम्हाला वाटलं, पण तो धूर होता.

आमच्या तक्रारी संपल्या आणि गोवऱ्या मात्र लालबुंद फुलून बसल्या. कुणीच जागचं हलेना. शेवटी हिशेब बघणाऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, एवढा इस्तो वाया जाऊन राहिला."

भाऊंनी बाह्या सरसावल्या. बागवाल्याच्या घरून कणीक आली, वांगी आली. ज्यांनी कित्येक महिने शाखेत कामापलीकडे शब्द काढला नव्हता, ते भाऊ साहेबांना तूप आणायला पिटाळत होते आणि साहेब जात होते. बाईंनीही कणीक तिंबली, फारच वाईट तिंबली. मला त्या दुपारी फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी अर्ज मागे घेतला.

इथेच सगळ्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण साहेबांनी कार्यशाळा यशस्वी झाल्याचा अहवाल रोडग्यांच्या फोटोंसकट अमरावतीला पाठवला, आणि मुख्य कार्यालयाला रोडगे इतके आवडले की त्यांनी ते दर तिमाहीला सक्तीचे केले. सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट आले. हजेरी आली. रोडगे भाजेपर्यंत ध्येयधोरणांवर भाषण आलं, आणि खाऊन झाल्यावर त्यांना मोबाईलवर तारे द्यायचे आले. भाऊ 'उत्साह समन्वयक' झाले. उन्हाळ्यातले रोडगे त्यांनी केले, पावसाळ्यातलेही पत्र्याखाली केले. मग त्यांनी पुन्हा अर्ज टाकला.

मला राहवलं नाही. "काहून भाऊ? आता तं रोडगे सुरू झाले ना?"

ते टेबलाचा खण रिकामा करत होते. म्हणाले, "आधी मी रोडगे करत होतो रे बाप्पा. आता मले रोडग्याची ड्युटी लागली."

या वेळी अर्ज मागे घ्या म्हणायला मला तोंड नव्हतं. ते गेले. पुढच्या तिमाहीची ड्युटी माझ्या नावावर लागली आहे.