चंद्रीच्या कानातला नंबर

ही गोष्ट आजवर माझ्या पोटातच राहिली. नवऱ्याला ठाऊक नाही, माहेरी ठाऊक नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या भावकीतले नाही. आणि सांगताना मधेच मला हसू येईल — येईलच, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही कळंब्याचे. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. नणंद दिली कबनूरला, तिच्या घरातच यंत्रमाग. दिवसभर नुसता खडखडाट, फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणून आत्ती आपलं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायच्या, आणि माग थांबले की वन्सं ते ऐकायच्या. आत्तींना हे शिकवलं कुणी? मीच! स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. कारण त्या बोलणार कशाबद्दल? माझ्याबद्दल. "आज रश्शाला चवच न्हाय गं, नुसतं लाल पाणी." तेही ओसरीवर बसून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी आत भांडी घासतेय आणि माझा रस्सा कबनूरला पोचतोय!

बाई वाईट नाही हो. पण एका सकाळी माझं डोकंच फिरलं. आणि मी — कसं सांगू? — त्यांचा फोन चार्जिंगला होता, उघडायचा नंबर मला माहीत होता. फोन उचलला, धार काढायला गोठ्यात गेले आणि नंबर बदलून टाकला. नवा कुठला ठेवला? समोर चंद्री उभी, आमची म्हैस. तिच्या कानात तो पिवळा बिल्ला, त्यावर लांबलचक नंबर. त्यातले शेवटचे आकडे दाबले. पाठ कशाला करायचे? सकाळ-संध्याकाळ तो कान माझ्या नाकासमोरच असायचा. दोन दिवस गंमत बघू, मग हळूच उघडून देऊ, एवढंच मनात होतं. एवढंच होतं का? नाही. त्यांची जिरवायची होती मला.

आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांनी चंद्री विकली! आजऱ्याच्या एका पावण्यांना. मी बाजारातून येईपर्यंत टेम्पो गेलासुद्धा. म्हशीचे कागदही म्हशीबरोबर गेले.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. आत्ती आपला जुना नंबर दाबायच्या. बरोबर तोच दाबायच्या, आणि फोन चूक म्हणायचा. मी शेजारी उभी राहून म्हणायची, "आठवा की, आत्ती." मोबाईलचा दुकानदार म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. त्यात वन्संच्या लेकरांचे बोबडे आवाज होते. आत्ती नको म्हणाल्या. त्यांच्या आईला म्हातारपणी पोटच्या लेकी ओळखू येत नव्हत्या. आता आपलंही तसंच होणार, हे आत्तींनी मनाला लावून घेतलं. आमटीत मीठ घातलं का, हे मला पुन्हा पुन्हा विचारायला लागल्या. रश्शाला नावं ठेवायच्या बंद झाल्या. सासू नावं ठेवत नाही म्हणून मला रडू येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मला पटलं असतं का? तरी बोलले नाही. जन्मभर ऐकवतील म्हणून भ्याले.

मग मी हट्टच धरला — मला चंद्रीला बघायचंय. फोन करून विचारू काय, "पावणं, म्हशीचा कान वाचून दाखवा"? लगेच ह्यांच्या कानावर गेलं असतं. हे म्हणाले, "म्हशीला भेटायला कोण जातंय व्हय?" पण आत्तींच्या डोळ्यात पाणी आलं. "मी बी येणार," म्हणाल्या. त्यांचा बंद फोन मी पिशवीत टाकला, तिकडच्या दुकानात दाखवू म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघी एस्टीनं आजऱ्याला गेलो.

आम्हाला बघून चंद्री अशी रेकली म्हणता! आत्ती तिच्या गळ्यातच पडल्या. मी कानाशी गेले, आकडे दाबले — आणि फोन उघडला! मी ओरडलेच. आणि त्याच दमात, तोंड पुसावं इतक्या सहज, म्हणाले, "आत्ती, तुम्हीच चंद्रीच्या कानातला नंबर ठेवलेला की! आत्ता ध्यानात आलं माझ्या!"

आत्तींनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा चंद्रीच्या कानाकडं. मग अशा हसायला लागल्या की पावण्यांची बायको चुलीवरचं टाकून धावत आली. तिला सांगितलं, तीही हसत सुटली. चहा झाला, ओंजळभर काजू झाले. आत्तींनी गोठ्यातच फोन तोंडाशी धरला आणि वन्संना सांगितलं, "संगे, डोस्कं शाबूत हाय गं माझं! मी इसरले, पर म्हशीनं ध्यानात ठेवलं! आणि ऐक, आमच्या वैशीचा मुक्या जनावरावर एवढा जीव, तर माणसावर किती असंल?"

मीही हसले. पोट दुखेपर्यंत हसले. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

अजूनही घरी कुणी आलं की आत्ती हे सगळं रंगवून सांगतात. आपण नंबर कशा विसरलो, सुनेला म्हशीची आठवण कशी आली. माणसं हसतात, मीही हसते, मान हलवते आणि चहाचे कप गोळा करते.

आत्ती काहीच विसरल्या नव्हत्या. त्यांचा नंबर बरोबर होता. बदलला मी.