लांबडीचं घर

कुवेतमधल्या आमच्या महबूल्याच्या फ्लॅटमध्ये तीन माणसं आणि एक अजगर राहतो, हे मी माहेरी फोनवर कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला घेऊन जायला तिकडून कुणीतरी विमानात बसलं असतं. ‘अजगर’ हा शब्दही मी घरात उच्चारत नसे. चिपळूणकडे आम्ही सापाला नावाने हाक मारत नाही. जनावर म्हणतो, नाहीतर लांबडं. ही मादी होती म्हणून मी लांबडी म्हणायचे. मुलीने तिला एक गोड इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही.

ती आली खालच्या मजल्यावरच्या एका परदेशी कुटुंबाकडून. ते देश सोडून निघाले होते आणि हिला न्यायला कुणी तयार नव्हतं. मुलगी माझी पंचविशीची, फिंतासच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. एक दिवस घरी येऊन म्हणाली, “आई, दे विल हॅव टू पुट हर डाउन.”

“म्हणजे?”

“म्हणजे इंजेक्शन देऊन मारतील.”

मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे हो, हे घरात दोघांनाही पक्कं माहीत आहे. विकतचं दुखणं म्हणतात ना, तसं हे आमचं फुकटचं.

दंडाहून जाड, आमच्या सोफ्यापेक्षा लांब. दिवसभर वेटोळं घालून पडलेली असायची, आणि तरी त्या खोलीत झाडू मारताना माझी पाठ तिच्याकडे कधी झाली नाही. मुलगी तिला खांद्यावर घेऊन टीव्ही बघायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, “लग्नाच्या वयात हार कसले घालतेस बघ!”

पहिल्याच महिन्यात लांबडी आजारी पडली. नाकातून बुडबुडे, श्वासाला शिट्टी. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, हिला थंडी बाधलीय. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नाही, आणि आमच्या घरातल्या जनावराला सर्दी! पण खरंच होतं ते. कुवेतमध्ये उन्हाळ्यात एसी बंद करून कुणी जगत नाही. ती राहायची त्या काचेच्या पेटीतली सगळी ऊब तो एसी ओढून घ्यायचा. औषधांनी ती बरी झाली, पण डॉक्टरांनी मुलीला बजावलं की फुप्फुसं कमजोर झालीत, पुन्हा असं झालं तर हमी नाही. त्या दिवसापासून मुलगी रात्रीतून दोनदा उठून त्या काचेला हात लावून बघू लागली. लहानपणी तिला ताप आला की मी तशीच उठायचे. तेव्हापासून माझाही जीव त्या खोलीत अडकला, आवडो न आवडो.

नवीन घर करायचं ठरलं. काच नको, ऊब टिकत नाही. लाकूड नको, आत सतत दमटपणा हवा, त्याने लाकूड फुगतं आणि बुरशी धरते. मुलीचं म्हणणं प्लास्टिकच हवं, जाड फोमच्या शीटचं. हलकं, पाण्याने कुजत नाही, आणि मुख्य म्हणजे आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. परदेशातून तयार पेटी मागवायची तर भाडंच पेटीहून जास्त. तेव्हा आमचे हे म्हणाले, “मागवताय कशाला? मी काय मेलोय?”

हे दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. प्लास्टिकच्या शीटवर यांचा हात असा चालतो की बघत राहावं. देवाधर्माच्या नावाने मात्र शंख. देवळात गेले तरी लक्ष चपलांकडे. मी संकष्टी धरली की म्हणतात, चला, आज मला एक पोळी जास्त.

त्यांनी लांबडीला काचेबाहेरून टेप लावून मापलं. हात लावला नाही. “मी घर बांधतो, भाडेकरूशी माझा काही संबंध नाही,” म्हणाले. पण ते काम त्यांनी ज्या जिवाने केलं तसं आमच्या किचनच्या कपाटाचंही केलं नव्हतं. कोपरे पॉलिश केले, म्हणजे तिचं अंग खरचटू नये. पुढे सरकत्या काचा आणि त्यांना कुलूप, कारण ही नाकाने ढोसून फट शोधते. हवेच्या झरोक्यांना आतून जाळी ठोकली. छताला गरम होणारं चपटं पॅनेल बसवलं, त्याची वायर जाईल एवढंच भोक पाडून ते सिलिकॉनने बंद केलं. बल्ब नाही, कारण बल्बला ही विळखा घालून भाजून घेते. ते पॅनेल सांभाळायला बाहेर एक थर्मोस्टॅट. त्याचं बारीक सेन्सर पेटीच्या आत, गरम बाजूला राहतं. आत पुरेशी ऊब झाली की सेन्सर सांगतं, आणि पॅनेल बंद होतं. सगळं झालं होतं. त्या सेन्सरचं भोक तेवढं राहिलं होतं, ते जागा ठरवून मग पाडू म्हणाले.

आणि एका सकाळी जुन्या काचेच्या पेटीला तडा गेलेला दिसला. मुलीला ड्यूटीवर जायचं होतं. तिने घाईघाईने लांबडीला नव्या घरात ठेवलं, काचेला कुलूप लावलं, किल्ली टेबलावर टाकली.

“बाबा, सेन्सर आत टाकून मगच पॅनेल ऑन कर. प्रॉमिस?”

“जा तू, उशीर होतोय,” हे म्हणाले.

ती गेली. थोड्या वेळाने हेही वर्कशॉपला गेले. जाताना मी विचारलं, “झालं का?” तर मान हलवली आणि चपला घातल्या. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, कारण हे कुठल्याही प्रश्नाला नुसती मान हलवणारे नव्हेत. पण मी कामात होते. नागपंचमी होती त्या दिवशी. पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. आमच्याकडे या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. भाजी मी हाताने मोडली. हळदीची पानं मिळाली होती म्हणून पातोळ्या लावल्या. वाफेला ठेवल्या आणि घरभर हळदीच्या पानांचा वास सुटला. मी खूश होते. लांबडीला म्हटलंसुद्धा दारातून, “बाई, आज तुझा सण.”

तेव्हाच ती हलताना दिसली. दिवसा ती हलत नाही. म्हटलं, नवं घर आहे, फिरतेय. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती काचेला नाक घासत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत, परत. मी थर्मोस्टॅटचा आकडा बघितला. मुलीने मला शिकवून ठेवलं होतं किती हवा. त्याहून बराच कमी होता! म्हणजे हिला थंडी वाजतेय? पुन्हा ती सर्दी? मी एसी जरा कमी केला आणि पातोळ्या उतरवायला गेले. जिवाला मात्र चैन नव्हती.

तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा तिचं तोंड उघडं होतं. डोकं वर करून ती तोंड उघडून श्वास घेत होती. मी काचेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. काच गरम होती, आत्ता इस्त्री केलेल्या शर्टासारखी. आकडा थंडी सांगतोय आणि काच ऊन लागतेय! वायरमागे नजर गेली. सेन्सर पेटीच्या आत नव्हतंच. बाहेरच्या बाजूला चिकटपट्टीने नीट चिकटवलेलं होतं.

मुलीला फोन लावला. ड्यूटीवर तिचा फोन लॉकरमध्ये असतो. रिंग वाजून बंद झाला. ह्यांना लावला.

“सेन्सर बाहेर का हो?”

पलीकडे नुसता मशिनचा आवाज.

“अहो, बोला! पेटी तापलीय. ती तोंड वासून पडलीय!”

“बटण बंद कर गो आधी,” हे म्हणाले. मी भिंतीतलं बटण बंद केलं. “आज नागपंचमी. तिच्या घराला आज ड्रिल मारायचं... नाही धजलं मन. म्हटलं, बाहेरून लावतो, आजचा दिवस. उद्या पाडतो भोक.”

हा माणूस! देवाच्या नावाने आयुष्यभर थट्टा, आणि धर्म सुचला तो इथे. आतली ऊब बाहेर येत नाही म्हणूनच तर प्लास्टिक घेतलं होतं, हे त्यांनीच मला दहादा समजावलं होतं. बाहेरचं सेन्सर एसीची थंडी मोजत राहिलं आणि पॅनेल थांबायचं नाव घेईना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तोंडावर आलेल्या शिव्या मी गिळल्या. आधी लांबडी.

“आता काय करू?”

“काच उघड. बाहेर काढ तिला. बटण बंद केलं तरी ती पेटी लवकर निवायची नाही.”

“मी?”

“तूच आहेस ना तिथे.”

मी कधी तिला हात लावला नव्हता. टेबलावरची किल्ली घेऊन कुलूप काढलं. काच सरकवली आणि आतून गरम हवेचा लोट तोंडावर आला, प्लास्टिकच्या वासाचा. वाटलं, आता ही अंगावर येणार. ती आली नाही. तिचं डोकं कडेवर येऊन नुसतं टेकलं. तेव्हा माझी भीती कुठे गेली मला कळलं नाही. असं गळालेलं डोकं मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, माझ्याच मुलीचं, लहानपणी तापात फिट आली होती तेव्हा. मी दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले, जसे मुलगी घालते, आणि उचललं. जड होती. शेपटीने माझ्या कमरेला वेढा घातला. त्यात जोर नव्हता.

मोरीत नेली. गार पाण्याचा नळ सोडायला हात केला आणि थबकले. इथे उन्हाळ्यात पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, ‘गार’ नळाचं पाणी चटका देतं. गार पाणी हवं तर घरातला गिझर बंद ठेवायचा, म्हणजे त्यातलं पाणी एसीने निवतं, आणि ‘गरम’चा नळ सोडायचा. घाबरलेल्या हाताने चुकीचा नळ सोडला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. बादली गरमच्या नळाखाली लावली, त्यात पंचा बुडवला, तो तिच्या अंगावर घातला, काढला, पुन्हा बुडवला. जमिनीवर बसून तिला मांडीवर घेतलं. माझी नवी साडी भिजली. बोलत होते मी तिच्याशी, काय ते आठवत नाही. एकदा तरी तिची जीभ बाहेर येईल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती येत नव्हती.

फोन वाजला. मुलगी. मी एका दमात सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, बर्फ नको. फ्रिजचं पाणी नको. रूम टेंपरेचर. मी येतेय.” माझ्यासारखीच रागीट पोर, पण आवाज दगडासारखा स्थिर. फोन ठेवला तेव्हा मला रडू फुटलं.

ती आली, पर्स दारात टाकली आणि माझ्या शेजारी ओल्या लाद्यांवर बसली. लांबडीचे डॉक्टर फोनवर होते. तोंडात बघितलं, श्वास मोजला, डोकं वर धरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लांबडीने तोंड मिटलं. आणि जीभ आली, बारीक, एकदाच, मग पुन्हा. मुलगी म्हणाली, “शी इज स्टिल विथ अस.” डॉक्टर म्हणाले की आजची रात्र जाऊ दे, मग बोलू. पण धोका मला आता तेवढा वाटत नव्हता.

हे आले तेव्हा शर्टावर अजून प्लास्टिकचा भुसा होता. मोरीच्या दारात उभे राहिले आणि आत येईनात. मी म्हटलं, आता भडका उडणार. मुलगी बापाला सोडणार नाही, आणि मीही मध्ये पडणार नाही.

“मी त्या जिवाला त्रास नको म्हणून...” हे म्हणाले आणि तिथेच थांबले. “आज तिच्या घराला भोक नको म्हणून. आणि मी मारलीच असती तिला. नागपंचमीला.”

 लांबडीचं अर्धं अंग माझ्या मांडीवर, अर्धं मुलीच्या. तिने वर बघितलं.

“बाबा, इकडे ये.”

“नको गो.”

“ये ना.”

ते आले, वाकले. तिने त्यांचा हात धरला. सगळी मापं त्या हाताने घेतली होती, सगळे कोपरे घासले होते, पण लांबडीला तो कधी लागला नव्हता. मुलीने तो हात लांबडीच्या पाठीवर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवून दाबून धरला. ह्यांनी डोळे मिटले. 

“गार आहे गो,” ते मला म्हणाले. “श्वास घेतेय.” आणि ओल्या लादीवर मांडी घालून लहान पोरासारखे रडले.