पाच आंब्यांचा हललेला फोटो

दानियलला कॅमेरा हलवायचा नाद मी लावला. नवापुरात त्याचा छोटा स्टुडिओ. दिवसभर पासपोर्टचे फोटो, रडक्या पोरांनाही तो गोड बोलून सरळ बसवायचा. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचो. मूळचा लोणखेड्याचा आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. शटर अर्धा सेकंद उघडं ठेव, तेवढ्यात कॅमेरा वरून खाली ओढ, असं मी सांगितलं. सागाच्या जंगलाचे उभे फराटे उमटले. मी माझ्या अहिराणीत ओरडलोच, "हाऊ ते खरा फोटो शे!"

मग चार वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की स्वारी जंगलात. जंगलाला लागूनच त्याच्या आत्याचं, हिरीबाईचं शेत. बांधावर तिच्या सासऱ्याने ओळीत लावलेले पाच जुने आंबे. ती ओळ दानियलने शेकडो वेळा टिपली. त्यातल्याच एका फोटोला नाशिकच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मी तर हवेतच होतो.

गेल्या वर्षी रस्त्याच्या कामात पाचही आंबे गेले, बांध सपाट झाला. शेत कागदोपत्री वनखात्याचं, ते आपल्या नावावर व्हावं म्हणून हिरीबाईने वनहक्काचा दावा केलेला. आणि नेमकी त्यानंतर त्या दाव्याची पाहणी लागली. जमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतोय, हे दाखवायला तिच्याकडे ते आंबेच होते. तरी ती बिनघोर होती. भाच्याकडे फोटो होते ना!

दानियलने बक्षिसाची फ्रेमच तालुक्याच्या कचेरीत नेली. मीही गेलो, मिरवायला. साहेबांनी फ्रेम आडवी धरली, उभी धरली. "यात झाड कुठलं?"

हिरीबाई एकेका फराट्यावर बोट ठेवून तिच्या बोलीत सांगत राहिली: हा पहिला लावलेला, हा नवरा जन्मला त्या वर्षीचा. साहेब माणूस वाईट नव्हता. "बाई, नुसत्या हिरव्या रंगावर मी काय लिहू?" म्हणाला. दानियलच्या लॅपटॉपवरचे बाकीचे फोटोही पाहिले. एकही झाड धड उभं नव्हतं.

दावा फेटाळल्याचा कागद आला, त्या दिवशी मी स्टुडिओत गेलो. मला कलेची चीड आली होती, आणि खरं सांगायचं तर दानियलचीही. "अरे, एखादा तरी सरळ काढून ठेवायचास!"

तो कॅमेरा पुसत होता. वर न बघताच बोलला.

"काढला होता सर. पहिल्याच रविवारी. तुम्ही म्हणालात, असले तर मोबाइलवालेही काढतात, उडव तो. तुमच्यासमोरच उडवला."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं.